थंडींत अडखळणारी डिझेलची पिकप गाडी

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आमच्याकडे येणाऱ्या बागाईतदार मंडळींपैकीं बऱ्याच जणांच्या तोंडून एकच तक्रार ऐकूं येत आहे. गाडी दिवसां उत्तम चालते, मालानें भरली तरी चढ सहज चढते. परंतु पौष-माघांतील पहांटे तीच गाडी सुरू होतांना धापा टाकते, पांढरा धूर सोडते, ठसका लागल्याप्रमाणें अडखळते आणि कधीं कधीं वाड्याच्या फाटकापर्यंत जाऊन बंद पडते. आमच्या निफाडच्या बाजूस कांहीं हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. नेमक्या त्याच दिवसांत रांगडा कांदा निघालेला असतो. लासलगांवच्या आवारांत गाडी वेळेवर रांगेला लागली नाहीं, तर मागें राहिलेल्या मालाला कोणता भाव मिळेल हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. तेव्हां हा विषय केवळ यंत्राच्या हौशीचा नव्हे.

आम्हीं मोटारविद्येचे पदवीधर नाहीं. येथें जें लिहीत आहों तें थोडें वाचून, थोडें विचारून आणि बरेंचसें आमच्याच खिशाला चाट लागल्यावर शिकलेलें आहे. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आमच्या घरची जुनी पिकप पहांटे त्रास देऊं लागली. आम्हीं प्रथम बॅटरीला दोष दिला आणि घाईनें नवी आणली. गाडी होती तशीच! मग ती एका मिस्त्रीकडे नेली. त्यानें सांगितलें, "पंप उतरवावा लागेल, नोझल बदलावे लागतील." खर्चाचा आंकडा एक एकर कांद्याच्या लागवडीच्या मजुरीला पुरेल एवढा होता. मिस्त्री लबाड होता असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यानें गाडी पाहिली ती दिवसा अकरा वाजतां, दहा मैल चालून तापलेली असतांना. दुखणें पहांटेचें आणि परीक्षा दुपारची, मग निदान अंदाजानेंच व्हावयाचें. थंडीचा दोष थंड गाडीवरच दिसतो, आणि रात्रभर थंड झालेली गाडी पहांटे ज्याच्या अंगणांत उभी असते तो मालकच तो पाहूं शकतो. मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं मालकानें काय पहावें, एवढेंच सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम थोडें तत्त्व सांगणें अवश्य आहे. पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगी असते, डिझेलच्या एंजिनांत ती नसते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म असें कीं, हवा जोरानें दाबली म्हणजे ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा सोडला कीं तो पेट घेतो. सायकलचा पंप मारतांना त्याचें तोंड गरम लागतें, तोच हा प्रकार. गाडीच्या एंजिनांत हवा सुमारें १६ ते २२ पट दाबली जाते व तिची उष्णता ५०० अंशांच्या वर जाते. पण रात्रभर गारठलेल्या लोखंडी भिंती ह्या उष्णतेपैकीं बरीच शोषून घेतात. त्यांत एंजिन मंद फिरलें तर उष्णता निसटण्यास आणखी वेळ मिळतो, आणि दाबलेली हवाहि रिंगांच्या फटींतून गळते. मग फवारा पडतो, पण लगेच पेटत नाहीं. तो साचतो, आणि उशिरां एकदम पेटतो. थंड एंजिनाची जी खडखड ऐकूं येते ती हीच. जो भाग मुळींच पेटत नाहीं, तो पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो.

म्हणून पहांटे किल्ली फिरविण्यापूर्वीं एका माणसास गाडीच्या मागें उभें करावें आणि आपण स्वतः तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें: सेल्फ कसा फिरतो, धूर कोणत्या रंगाचा व कोणत्या वासाचा निघतो, आणि एंजिन लागण्यापूर्वीं अडखळतें कीं लागल्यानंतर. ह्यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच कोणी पाहत नाहीं.

सेल्फ जड व रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी पहावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावल्यास १२·६ व्होल्टच्या आसपास दाखविलें पाहिजे. १२ किंवा त्याहून कमी असल्यास ती बहुतेक रिकामी समजावी. सेल्फ फिरत असतांना तिचा दाब साडेनऊच्या खालीं कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा तिचे शेंडे कळकले आहेत. हे शेंडे गरम पाण्यानें धुवून, घासून घट्ट करण्यास एक पैसाहि लागत नाहीं. आम्हीं तेंहि न करतां नवी बॅटरी आणली होती! ऑईल फार जाड घातलें असल्यासहि सेल्फ जड फिरतो. जुन्या एंजिनाचें आवाज दाबण्यासाठीं कांहीं लोक मुद्दाम जाड ऑईल घालतात, त्याचा भुर्दंड पहांटे भरावा लागतो. गाडीच्या पुस्तकांत १५ डब्ल्यू ४० लिहिलें असेल तर तेंच घालावें.

सेल्फ चपळ फिरतो, तरी एंजिन लागावयास वेळ घेतें. लागलें तरी तीन पायांच्या खाटेप्रमाणें हलतें. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर ओकतें. आणि अर्ध्या-एक मिनिटानें आपोआप सुरळीत होतें, अशी लक्षणें असतील तर संशय हीटर प्लगावर घ्यावा. प्रत्येक सिलिंडरांत बोटाएवढा एक प्लग असतो व वीज मिळाली कीं त्याचें टोंक लाल होऊन दाबलेल्या हवेला ऊब देतें. सर्वच डिझेल एंजिनांना तो नसतो. फवारा सरळ सिलिंडरांत सोडणारीं कांहीं जुनीं एंजिनें आपल्या थंडींत त्याशिवाय लागतात. परंतु ज्यांत फवारा आधीं लहान कोठडींत पडतो, त्या जुन्या पद्धतीच्या एंजिनांचें पहांटे प्लगाशिवाय चालत नाहीं. चारांपैकीं एक प्लग जळला तर तीन सिलिंडर काम करतात आणि चौथ्याचें डिझेल कच्चेंच बाहेर जातें. समोरच्या पाटीवरील दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. पुष्कळ गाड्यांत तो दिवा केवळ वेळ मोजतो. प्लग जिवंत आहेत कीं मेले ह्याची त्याला खबर नसते.

परीक्षा सोपी आहे. किल्ली बंद करून प्लगांवरील पट्टी किंवा तारा काढाव्या. १२ व्होल्टच्या लहान तपासणीच्या दिव्याचें एक टोंक बॅटरीच्या धन शेंड्यास जोडून दुसरें टोंक एकेका प्लगाच्या डोक्यास लावावें. दिवा लागला तर आंतील तार शाबूत आहे, न लागला तर प्लग गेला. सर्व प्लग शाबूत निघाले तर पट्टीपर्यंत वीज पोंचते कीं नाहीं तें पहावें. न पोंचल्यास फ्यूज किंवा रिले पहावा. नव्या गाड्यांत कांहीं प्लग कमी व्होल्टचे असतात, त्यांना बॅटरीची तार सरळ लावूं नये, जळतील. प्लग काढावयाचा असेल तर एंजिन कोमट असतांना, गंज सोडविणारें तेल आदल्या रात्रीं सोडून, हलक्या हातानें काढावा. कार्बन धरलेला प्लग जोरानें पिळला तर त्याचें टोंक आंत मोडतें आणि मग डोकें उतरविण्याची पाळी येते.

ह्याच्या अगदीं उलट लक्षण म्हणजे गाडी पहिल्या फेऱ्यांतच लागते, पांच-दहा सेकंद झकास चालते, आणि मग श्वास कोंडल्याप्रमाणें अडखळून मरते किंवा मरतां मरतां वांचते. आमच्या गाडीचें हेंच होतें. पण तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष देण्याची बुद्धि तेव्हां आम्हांस नव्हती. प्लगाचा दोष लागण्यापूर्वीं दिसतो. लागल्यानंतर जो दिसतो तो बहुधा हवेचा, म्हणजे मिस्त्री लोक 'गाडीनें एअर घेतली' म्हणतात त्याचा.

पिकपची टाकी मागें व खालीं, एंजिन पुढें व उंच. पंप डिझेल ओढून वर नेतो. ह्या ओढणाऱ्या नळींत कोठें बारीक चीर असली, तर दिवसां तेथून डिझेल गळत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत शिरते. म्हणून खालीं थेंब दिसत नाहीं व कोणास संशय येत नाहीं. रात्रीं मात्र त्या चिरेंतून हवा शिरून नळींतील डिझेल हळूहळू टाकींत परत उतरतें. सकाळीं पंपांत व फिल्टरांत उरलेल्या डिझेलावर गाडी लागते आणि हवेचा बुडबुडा पंपापर्यंत पोंचला कीं अडखळते. हें थंडींतच कां व्हावें? रबर थंडींत कडक होऊन आकसतें आणि क्लिपेखालीं फट पडते. ऊन लागलें, एंजिन तापलें कीं तीच फट मिटते. दुपारीं मिस्त्रीला दोष सांपडला नाहीं ह्यांत नवल नाहीं.

आमची ही वाट आम्हांस पुस्तकानें दाखविली नाहीं. शेजारच्या गांवचे एक वृद्ध ट्रकचालक कांद्याच्या खळ्यावर आले होते. त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "दादा, पंपाचं मागून बघू. आधी गाडीचं तोंड उताराकडे करून रातभर ठेवा, अन् सकाळी मला सांगा." पाटाच्या भरावाला उतार होता. तेथें गाडी तोंड खालीं करून, गिअरमध्यें ठेवून, चाकांस मोठे धोंडे लावून उभी केली. एंजिन टाकीच्या खालीं आल्यानें डिझेल परत उतरण्याचें कारण राहिलें नाहीं. निघण्यापूर्वीं नळीच्या वाटेखालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरलीं. पहांटे गाडी लागली आणि एकदांहि न अडखळतां चालत राहिली. वर्तमानपत्रावर टाकीपासून हातभर अंतरावर रुपयाएवढा डाग पडला होता. नळी आतां ओढीखालीं नसून डिझेलाच्या वजनाखालीं होती, म्हणून चीर स्वतः बोलली. क्लिप काढली तों तिच्याखालीं रबर आडवें तडकलेलें. वीतभर नळी, दोन क्लिपा, आणि फिल्टरच्या बोल्टाखालील दबून गेलेला तांब्याचा वॉशर, एवढ्यावर काम भागलें. नळी डिझेलचीच घ्यावी; पाण्याची किंवा फवारणीची नळी डिझेलांत फुगून सुटते.

उतार नसेल तर फिल्टरच्या आधींच्या भागांत वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवून पहांटे तिच्यांतील बुडबुडे पहावे. हातपंप असल्यास किल्लीपूर्वीं तो घट्ट लागेपर्यंत दाबावा. तेवढ्यानें त्या दिवशीं गाडी नीट चालली, तर दोष हवेचाच.

नळी बदलल्यावर गाडी मरेनाशी झाली, तरी पांढरा धूर थोडा राहिलाच. मग दिव्यानें प्लग पाहिले, तों एक मेलेला निघाला. एका दुखण्याला दोन कारणें असूं शकतात. पहिलें सांपडलें म्हणून शोध थांबवूं नये, आणि पहिल्यानें पूर्ण गुण आला नाहीं म्हणून तें चूक होतें असेंहि समजूं नये.

आतां डिझेलाविषयीं. डिझेलांत मेणाचा अंश असतो व थंडींत तो गोठून फिल्टर तुंबवितो. भारतीय मानक आय. एस. १४६० प्रमाणें ज्या उष्णमानापर्यंत डिझेल फिल्टरमधून वाहिलें पाहिजे, तें हिवाळ्यांत ६ अंश व उन्हाळ्यांत १८ अंश ठरविलें आहे. लडाखसारख्या प्रदेशासाठीं तर इंडियन ऑईलनें २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारें निराळें डिझेल काढलें. आपल्याकडे पंपावरून नुकत्याच भरलेल्या डिझेलांत मेण धरण्याचा प्रसंग क्वचित् येतो, कारण पहांटे घटकाभर पारा उतरला तरी टाकी तितकी गार होत नाहीं. परंतु आमचे पुष्कळ बंधु चैत्र-वैशाखांत भरलेला डिझेलचा पिंप ट्रॅक्टरसाठीं पडवींत ठेवतात आणि अडचणीला त्यांतूनच पिकपहि भरतात. तें उन्हाळ्याचें डिझेल असतें. त्याला १८ अंशांपुढची हमी नाहीं. शिवाय अर्धवट पिंपांत पावसाळ्यानें पाणी धरलेलें असतें. पहांटे गाडी लागून जोर न धरतां अडकत असेल आणि ऊन वर आल्यावर बरी होत असेल, तर फिल्टरच्या बुडाची चकती सैल करून वाटीभर डिझेल कांचेच्या भांड्यांत काढावें. तळाशीं पाणी किंवा दुधाळ गढूळपणा दिसल्यास उत्तर मिळालेंच. रॉकेल मिसळण्याचा उपाय कोणी सुचवील, तो ऐकूं नये. पंपाला वंगण डिझेलाचेंच असतें, रॉकेल तें वंगण तोडतें.

धुराच्या रंगाचें थोडक्यांत सांगतों. निळा धूर म्हणजे ऑईल जळतें आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते. कांद्याचें टरफल व द्राक्षबागेंतील गंधकाची भुकटी एअर फिल्टर किती लवकर भरून टाकतात, हें तो उघडून पाहिल्याशिवाय पटत नाहीं. बिनवासाची वाफ थंडींत प्रत्येक गाडी सोडते, तिला भिऊं नये. मात्र ती वाफ एंजिन तापल्यावरहि थांबत नसेल आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर डोक्याचें गॅस्केट गेलें असण्याचा संभव आहे. अशी गाडी लांब नेऊं नये.

एक दोष आपल्याच लोकांनीं निर्माण केलेला आहे. उन्हाळ्यांत गाडी तापली कीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेंकतो आणि मालकहि खूष होतो. हा लहान व्हॉल्व्ह पाणी सुमारें ८० अंशांवर तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे एंजिन लवकर गरम होतें. तो नसेल तर हिवाळ्यांत दहा मैल गेलें तरी कांटा वर चढत नाहीं, गाडी खडखडते, धूर टाकते आणि डिझेल जास्त खाते. ज्याची गाडी मिनिटभर नव्हे तर अर्धा तास थंडावलेली राहते, त्यानें प्रथम हाच प्रश्न विचारावा कीं, माझा थर्मोस्टॅट जाग्यावर आहे काय?

संगणकाच्या नव्या गाड्यांत पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर बिघडला, तर संगणक गार एंजिनाला तापलेलें समजतो आणि प्लगांना वीजच देत नाहीं. तें यंत्र लावूनच कळतें, आणि तेथें मिस्त्रीकडे जाणेंच योग्य. ह्या गाड्यांविषयीं एक गोष्ट मात्र आग्रहानें सांगावयाची आहे. जुन्या पंपाच्या एंजिनांत नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाहीं हें पाहण्याची रीत आहे, आणि ती ठीक आहे. ती रीत कॉमन रेलच्या गाडीवर कोणीहि करूं नये. त्या नळ्यांतील दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो. त्याची धार कातडी भेदून हातांत शिरते. वरून टांचणी टोंचल्याएवढी जखम दिसते, पण वेळीं शस्त्रक्रिया झाली नाहीं तर बोट किंवा हात गमवावा लागतो. असें कोणास झालें तर दुखत नसलें तरी तात्काळ इस्पितळ गांठावें.

हीटर प्लग असलेल्या एंजिनांत ईथरचा फवारा मारणें हेंहि असेंच घातक. तो लाल प्लगावर अवेळीं पेटून पिस्टन फोडतो. ऑईलच्या चेंबरखालीं शेकोटी करणें, एअर फिल्टरच्या तोंडाशीं पेटता बोळा धरणें, गारठलेल्या लोखंडावर उकळतें पाणी ओतणें, हे प्रकार आम्हीं लहानपणापासून पाहत आलों आहों. पाण्याच्या एंजिनावर ते निभावले म्हणून पिकपवर निभावतील असें नाहीं. येथें टाकी व वायरी जवळ असतात.

बॅटरी, प्लग, हवा, डिझेल व थर्मोस्टॅट ही सारी तपासणी होऊनहि गाडी अडखळत असेल, तरच पंप, नोझल व कॉम्प्रेशन ह्यांकडे वळावें. पंप उघडण्यापूर्वीं व्हॉल्व्हचें अंतर आणि कॉम्प्रेशन मोजून घेण्याचा आग्रह धरावा. रिंगा झिजल्या असतील तर नवा पंपहि काय करणार? मिस्त्रीकडे जातांना गाडी आदल्या संध्याकाळीं त्याच्या दारांत उभी करावी आणि पहांटे पहिली किल्ली त्याच्याच हातून फिरवावी. धुराचा रंग, लागण्यास लागलेला वेळ आणि अडखळण्याचा क्षण कागदावर लिहून न्यावा. आम्हीं असें करूं लागल्यापासून आमच्या मिस्त्रीचाहि वेळ वांचतो व तो आमच्यावर रागावत नाहीं.

आमच्या गाडीचा पंप अद्याप उघडलेला नाहीं. जी जुनी बॅटरी आम्हीं निकामी म्हणून काढून ठेवली होती, ती शेंडे घासल्यावर चांगली निघाली आणि हल्लीं मळ्यांतल्या खोपीवर रात्रींचा दिवा तिच्यावर जळतो.